सूज कशाची, ते ओळखा

रात्री माणूस धडधाकट झोपतो. सकाळी उठतो, तर वरचा ओठ सुजून वर आलेला. नाहीतर एका डोळ्याची पापणी एवढी फुगलेली, की डोळाच उघडत नाही. फारसे दुखत नाही. ताप नाही. कुठे मारही लागलेला नाही. घरातली माणसे घाबरतात. कुणी म्हणते, "रात्री काहीतरी चावलं असेल." कुणी म्हणते, "पित्त उठलंय, आमसूल लावा." कुणी म्हणते, "नजर लागली." एक-दोन दिवसांत सूज आपोआप उतरते आणि सगळे ती गोष्ट विसरून जातात.

पुष्कळदा विसरले तरी बिघडत नाही. पण कधीकधी हीच सूज जिभेवर येते, घशात येते. मग श्वासाची वाटच बंद होते. अशा वेळी आमसूल शोधत बसले, तर माणूस हातचा जातो. म्हणून या सुजेची माहिती घरोघर असावी, असे आम्हाला वाटते.

डॉक्टर या सुजेला 'अँजिओएडीमा' म्हणतात. नाव जरा अवघड आहे. दोन-तीन वेळा मोठ्याने वाचा : अँ-जि-ओ-ए-डी-मा. 'अँजिओ' म्हणजे रक्तवाहिनी. 'एडीमा' म्हणजे सूज. दवाखान्यात हे नाव कानावर पडले, तर आता ते परके वाटणार नाही.

सूज येते म्हणजे काय होते?

शेतातला पाट तुम्ही रोज पाहता. पाटातून पाणी वाहते. थोडे पाणी काठातून पाझरते, ते जमीन पिऊन टाकते. पण पाटाचा काठ ढिला झाला तर? मग पाणी भसाभसा बाहेर येते. बाजूची जमीन चिबड होते.

आपल्या अंगातही तसेच आहे. कातडीखाली बारीक बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे आहे. त्यांच्या भिंतींतून थोडे पाणी नेहमीच पाझरते. पण काही कारणाने या भिंती ढिल्या झाल्या, की पाझर एकदम वाढतो. ते पाणी कातडीच्या खालच्या थरात साचते. तीच ही सूज.

जिथली कातडी सैल आणि मऊ, तिथे ही सूज जास्त येते. ओठ, पापण्या, गाल, जीभ, हातापायांचे पंजे आणि अवघड जागा ही तिची नेहमीची ठिकाणे. घशात आणि आतड्यांतही ती येते. बहुतेक वेळा ती एकाच बाजूला किंवा वेडीवाकडी असते. एक ओठ सुजतो, दुसरा चांगला असतो.

आता अंगावर 'पित्त उठते' ते वेगळे का? ते हिचेच भावंड आहे. पित्त उठते तेव्हा पाणी कातडीच्या वरच्या थरात साचते. लाल गांधी उठतात, खूप खाज सुटते. पाणी खालच्या थरात साचले, की गांधी न दिसता नुसती सूज दिसते. कित्येकांना दोन्ही बरोबरच होते. आणि हे ध्यानात घ्या : आपण 'पित्त' म्हणतो, पण पोटातल्या पित्ताचा याच्याशी काही संबंध नाही. तो नुसता बोलण्याचा शब्द झाला.

सगळी सूज सारखी नसते

सूज अनेक रोगांत येते. मूत्रपिंड बिघडले, की सकाळी दोन्ही डोळ्यांखाली आणि पायांवर सूज दिसते. हृदय अशक्त झाले, की संध्याकाळी पाय सुजतात. अशा सुजेवर बोट दाबून धरले, तर बहुधा खळगा पडतो. बोट काढले तरी तो थोडा वेळ राहतो. अँजिओएडीमात सहसा असा खळगा पडत नाही. दात किडून गाल सुजला, तर तो ठणकतो. गालगुंडात कानाखाली सुजते आणि ताप येतो. हत्तीरोगाची सूज महिनोन् महिने वाढत जाते. अँजिओएडीमा मात्र अचानक येतो आणि काही तासांत किंवा काही दिवसांत पूर्ण उतरतो. मागे खूणही राहत नाही. अचानक येणे आणि पूर्ण जाणे, ही त्याची ओळख.

या सुजेच्या दोन जाती

वरून पाहिले तर सूज एकच दिसते. पण तिच्या दोन जाती आहेत. हा फरक नीट समजून घ्या. कारण एका जातीचे औषध दुसरीला लागू पडत नाही.

पहिल्या जातीत अंगातल्या काही पेशी 'हिस्टामिन' नावाचा पदार्थ सोडतात. तो रक्तवाहिन्या ढिल्या करतो. या जातीत खाज असते. बहुधा गांधीही उठतात. सूज पटकन येते, काही मिनिटांत किंवा तास-दोन तासांत. आणि एक-दोन दिवसांत ती उतरते.

दुसऱ्या जातीत 'ब्रॅडिकायनिन' नावाचा पदार्थ वाढतो. तोही रक्तवाहिन्या ढिल्या करतो. पण इथे खाज नसते, गांधी नसतात. सूज सावकाश चढते आणि पुष्कळदा दोन ते पाच दिवस राहते.

पहिलीच जात जास्त आढळते. दुसरी विरळ आहे, पण जास्त दगा देते.

पहिली जात कशाने होते?

काही माणसांच्या अंगाला एखादा पदार्थ सोसत नाही. शंभर माणसे शेंगदाणे खातात, त्यांना काही होत नाही. एकाला चार दाणे खाल्ले की ओठ सुजतात. यालाच 'ॲलर्जी' म्हणतात. शेंगदाणे, अंडी, दूध, मासे, कोळंबी, खेकडे यांची ॲलर्जी काहींना असते. मधमाशी किंवा गांधीलमाशी चावल्यानेही असे होते. चावलेली जागा सगळ्यांचीच सुजते. पण हाताला चावले आणि ओठ, डोळे, घसा सुजू लागले, तर ते धोक्याचे आहे.

औषधांचेही तसेच. पेनिसिलिनच्या जातीची औषधे काहींना सोसत नाहीत. अंगदुखीच्या गोळ्यांनीही सूज येते. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही त्यांची नावे. डोके दुखले, कंबर दुखली, की आपण दुकानातून गोळी आणतो आणि विसरतो. दोन तासांनी ओठ सुजतो, तेव्हा गोळीची आठवणही राहत नाही.

कधीकधी कितीही शोधले तरी कारण सापडत नाही. आठवड्या-पंधरवड्याला गांधी आणि सूज येत राहते. अशा माणसाने उगाच एकेक पदार्थ सोडून उपाशी मरू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज गोळी घेतली, तर पुष्कळांना आराम पडतो.

ब्लडप्रेशरची एक गोळी

आता दुसऱ्या जातीकडे वळू. हल्ली गावोगाव ब्लडप्रेशरच्या गोळ्या घेणारी माणसे आहेत. या गोळ्या अनेक प्रकारच्या असतात. त्यातल्या एका प्रकारची नावे 'प्रिल'ने संपतात : एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल. ही औषधे चांगली आहेत. लाखो लोकांना त्यांचा फायदा होतो. पण ही गोळी घेणाऱ्या हजार माणसांत साधारण एक ते सात जणांना अँजिओएडीमा होतो. ओठ सुजतात, जीभ सुजते. खाज नसते.

गंमत अशी, की ही सूज गोळी सुरू केल्यावर लगेच येतेच असे नाही. कुणाला आठवड्यात येते. कुणाला दोन-चार वर्षांनी येते. म्हातारे बाबा म्हणतात, "अरे, ही गोळी तर मी चार वर्षं घेतोय. तिचा काय दोष?" पण दोष तिचाच असू शकतो.

म्हणून एक काम करा. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या गोळ्यांची पाकिटे हातात घ्या. नाव इंग्रजीत असेल, तर औषधाच्या दुकानदाराला ते वाचायला सांगा आणि मराठीत वहीत उतरून घ्या. शेवटी 'प्रिल' आले, तर तेवढे ध्यानात ठेवा. मात्र घाबरून गोळी बंद करू नका. सूज नसेल, तर गोळी चालू ठेवायची. ओठ किंवा जीभ सुजली, तर पुढची गोळी घ्यायची नाही. त्याच वेळी दवाखाना गाठायचा. डॉक्टर दुसऱ्या प्रकारची गोळी देतात. 'प्रिल'ची गोळी अशा माणसाने पुन्हा कधीच घ्यायची नाही.

घराण्यातून येणारी सूज

दुसऱ्या जातीत आणखी एक प्रकार आहे. तो बापाकडून किंवा आईकडून मुलांकडे येतो. त्याला 'आनुवंशिक अँजिओएडीमा' म्हणतात.

जर्मनीतल्या हाइनरिख क्विंके नावाच्या डॉक्टरांनी १८८२ साली या सुजेचे नीट वर्णन केले. पुढे १८८८ साली विल्यम ऑस्लर नावाच्या मोठ्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या एका घराण्याची हकिगत लिहिली. त्या घराण्यात पाच पिढ्या ही सूज चालत आली होती. पण ती का येते, हे कुणालाच कळेना. त्याचा उलगडा व्हायला १९६३ साल उजाडले. व्हर्जिनिया डोनाल्डसन आणि रिचर्ड इव्हान्स या दोघांनी त्या वर्षी दाखवून दिले, की या माणसांच्या रक्तात एक पदार्थ कमी पडतो. त्याचे नाव 'सी-वन इनहिबिटर'.

हा पदार्थ म्हणजे रक्तातला पाटकरी समजा. पाटकरी वेळेवर दार बंद करतो, म्हणून पाणी बेताने सुटते. पाटकरीच नसेल, किंवा असून काम करत नसेल, तर दार उघडेच राहते. तसे या माणसांच्या अंगात ब्रॅडिकायनिन बेसुमार तयार होते आणि सूज येते.

हा रोग विरळ आहे. साधारण ५०,००० माणसांत एकाला तो असतो. म्हणजे दोन लाख वस्तीच्या तालुक्यात चार माणसे. पण तो घराण्यात असल्यामुळे एकाच घरात तीन-चार जणही सापडतात.

बहुधा लहानपणीच त्याची सुरुवात होते. वयात येताना तो वाढतो. हाताचा पंजा सुजतो, पाय सुजतो, ओठ सुजतो. काहींना सूज येण्याआधी कातडीवर जाळीसारख्या लाल रेघा दिसतात. त्यांना खाज नसते. मार लागणे, दात काढणे, ताप किंवा सर्दी, मनाचा ताण अशा निमित्तांनी सूज येते. कधी काही निमित्त नसतानाही येते. स्त्रियांना पाळीच्या वेळी ती वाढू शकते. पाळणा लांबवण्याच्या ज्या गोळ्यांत इस्ट्रोजेन असते, त्यांनीही वाढते. अशा बाईने डॉक्टरांना सांगून दुसरा उपाय विचारावा. 'प्रिल'च्या गोळ्या तर या माणसांना मुळीच चालत नाहीत.

हा रोग लागट नाही. एकत्र जेवल्याने, एका अंथरुणावर झोपल्याने तो होत नाही.

मुलांना होईल का?

आई-बापांपैकी एकाला हा रोग असला, तर प्रत्येक मुलाला तो होण्याचा संभव निम्मा असतो. नाणे उडवले तर छापा पडेल की काटा, तसेच हे. प्रत्येक मुलाच्या वेळी नाणे नव्याने उडते. म्हणून चार मुलांत दोघांनाच होईल असे नाही. एकालाही होणार नाही, किंवा चौघांनाही होईल. मुलगा असो, मुलगी असो, संभव सारखाच. ज्या मुलाच्या अंगात तो आला नाही, त्याच्याकडून पुढे नातवंडांकडे जात नाही.

आणखी एक गोष्ट. चार रुग्णांत साधारण एक असा असतो, की त्याच्या घराण्यात पूर्वी कुणालाच हा रोग नव्हता. त्याच्यापासूनच तो सुरू होतो. म्हणून "आमच्या घरात कुणालाच नाही, मग याला कुठून?" असे म्हणून डॉक्टरांवर अविश्वास दाखवू नये.

आणि सुनेला बोल लावू नये. रोग बापाकडूनही येतो, आईकडूनही येतो. तो कुणी मागून आणलेला नसतो. कुणी करणी केली, कुणा बाईची नजर लागली, असे म्हणणे तर सर्वस्वी खोटे आहे. अशा संशयाने कुणाला चेटकीण ठरवून छळणे हा महाराष्ट्रात २०१३ सालच्या कायद्याने गुन्हा आहे.

पोटात सूज आली तर?

बाहेरची सूज दिसते. आतड्यांची सूज दिसत नाही. आनुवंशिक रोगात पुष्कळांना आतड्यांत सूज येते. पोटात भयंकर कळा येतात. उलट्या होतात. कधी जुलाब होतात. माणूस गडाबडा लोळतो. दोन-तीन दिवसांनी सगळे थांबते. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तेच.

डॉक्टरांना वाटते, अपेंडिक्स सुजले असेल. ऑपरेशन होते. पोट उघडल्यावर अपेंडिक्स चांगले निघते! चोर सोडून संन्याशाला फाशी, अशातली ही गोष्ट. अशी नको असलेली ऑपरेशने या रुग्णांची बऱ्याच वेळा झाली आहेत. दोष नुसता डॉक्टरांचा नसतो. पोट दुखते तेव्हा आपण पोटाचेच सांगतो. "मागे दोनदा हात सुजला होता, एकदा ओठ सुजला होता," हे सांगायचे राहून जाते. ते सांगितले, तर डॉक्टरांना दिशा सापडते.

निदान कसे करतात?

निदानाची निम्मी वाट तुमच्या बोलण्यातून निघते. म्हणून एक वही करा. सूज आली, की तीत एवढे लिहा :

कोणत्या तारखेला आली? किती वाजता दिसली? अंगावर कुठे आली? खाज होती का? गांधी होत्या का? त्याआधी काय खाल्ले? कोणती गोळी घेतली? काही चावले का? मार लागला का, दात काढला का? किती दिवसांनी उतरली? घरात आणखी कुणाला अशी सूज येते का? घशाला सूज येऊन, जीव गुदमरून कुणी गेले होते का?

ही शेवटची ओळ फार महत्त्वाची. कित्येक घरांत जुनी माणसे सांगतात, "आजोबा असेच गेले. रात्री गळा सुजला आणि सकाळपर्यंत संपले." अशी आठवण असेल, तर ती डॉक्टरांना नक्की सांगा. सूज असताना मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दवाखान्यात पोचेपर्यंत सूज उतरली, तरी फोटो दाखवता येतो.

ॲलर्जीचा संशय असला, तर डॉक्टर कातडीवर किंवा रक्तावर तपासणी करतात. आनुवंशिक रोगाचा संशय असला, तर रक्तात 'सी-फोर' नावाचा पदार्थ किती आहे ते पाहतात. या रोगात तो बहुधा कमी भरतो. मग सी-वन इनहिबिटर किती आहे आणि तो काम करतो की नाही, हे तपासतात. ही तपासणी सगळीकडे होत नाही. मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत रक्त पाठवावे लागते. काही थोड्या घराण्यांत सी-वन इनहिबिटर चांगला असूनही रोग असतो. तिथे डॉक्टर आणखी बारकाईने शोध घेतात.

एकाला रोग निघाला, की त्याचे आई-वडील, भावंडे, मुले या सगळ्यांचे रक्त तपासून घ्यावे. अजून सूज आली नसली तरी तपासावे. एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या तपासणीवर मात्र भरवसा ठेवता येत नाही. ते मोठे झाल्यावर पुन्हा तपासावे.

क्वचित असेही होते, की चाळिशीनंतर पहिल्यांदाच अशी बिनखाजेची सूज सुरू होते आणि घराण्यात कुणाला नसते. अशा वेळी डॉक्टर रक्ताचा दुसरा काही रोग आहे का, हेही पाहतात.

उपचार

पहिल्या जातीच्या सुजेला सेट्रिझिनसारख्या गोळ्या लागू पडतात. कधी डॉक्टर थोडे दिवस स्टेरॉइड देतात. ते आपल्या मनाने दुकानातून आणून खाऊ नये. आणि ज्या पदार्थाने किंवा औषधाने सूज आली, तो पदार्थ कायमचा वर्ज्य करावा. सूज जोराची असेल, दम लागत असेल, चक्कर येत असेल, तर 'ॲड्रेनलिन'चे इंजेक्शन हाच खरा उपाय. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला देतात. ते जीव वाचवते. नुसत्या गोळ्यांवर वेळ घालवू नये.

आनुवंशिक सुजेला मात्र सेट्रिझिन लागू पडत नाही. स्टेरॉइड लागू पडत नाही. ॲड्रेनलिनचाही भरवसा नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असे होते. तिला वेगळीच औषधे लागतात. जो पदार्थ कमी आहे, तो सी-वन इनहिबिटर शिरेतून देतात. किंवा 'इकॅटिबंट' नावाचे औषध पोटाच्या कातडीखाली टोचतात. ते ब्रॅडिकायनिनला अडवते. ही औषधे महाग आहेत आणि सगळीकडे मिळत नाहीत. ती नसतील, तर मोठ्या रुग्णालयात रक्तपेढीतला गोठवून ठेवलेला प्लाझ्मा देतात. प्लाझ्मा म्हणजे रक्तातला पातळ भाग. त्यात सी-वन इनहिबिटर असतो.

सूज वरचेवर येऊ नये म्हणूनही औषधे आहेत. 'डॅनाझॉल'च्या गोळ्या पुष्कळ वर्षांपासून वापरात आहेत. त्यांनी सूज कमी होते. पण वजन वाढणे, बायकांना मिशा येणे, आवाज जाड होणे, यकृतावर परिणाम होणे असा त्रासही होतो. गरोदर बाईला त्या देत नाहीत. लहान मुलांनाही शक्यतो देत नाहीत. 'ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड' हे दुसरे औषध काहींना उपयोगी पडते. अमेरिकेत २०१८ साली 'लॅनाडेलुमॅब' नावाच्या इंजेक्शनला आणि २०२० साली 'बेरोट्रलस्टॅट' नावाच्या कॅप्सूलला परवानगी मिळाली. रोग मुळातून जात नाही, पण औषध घेऊन माणूस शेत करतो, संसार करतो.

दात काढायचा असेल किंवा ऑपरेशन असेल, तर आधीच सांगावे. डॉक्टर त्याआधी औषध देऊन सूज टाळतात. न सांगता दात काढला, तर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी रात्री घशात सूज येऊ शकते. तेव्हा दवाखाना बंद असतो आणि माणूस घरी असतो.

घसा सुजू लागला तर

आनुवंशिक रोग असलेल्या निम्म्या माणसांना आयुष्यात एकदा तरी घशाची सूज येते. ॲलर्जीतही ती येते. म्हणून तिच्या खुणा पाठ करा.

आवाज बसतो किंवा बदलतो. घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटते. थुंकी गिळता येत नाही, लाळ गळते. जीभ जड होते. श्वास घेताना शिट्टीसारखा किंवा घरघर आवाज येतो.

यातली एक जरी खूण दिसली, तरी सकाळची वाट पाहू नका. १०८ नंबरला फोन करा. गाडीला उशीर होणार असेल, तर मिळेल त्या वाहनाने ज्या रुग्णालयात रात्रंदिवस डॉक्टर असतात तिथे जा. दम लागलेल्या माणसाला बसते ठेवा. त्याला जबरदस्तीने आडवे करू नका. चक्कर येऊन तो गळून पडत असेल, तर मात्र आडवे निजवून पाय उंच करा. तोंडाने पाणी, काढा, काही देऊ नका. मधमाशीचा काटा कातडीत राहिला असेल, तर लगेच खरडून काढा. देवऋषाकडे, मांत्रिकाकडे नेऊन घटका घालवू नका. रुग्णालयात गरज पडली तर डॉक्टर श्वासनळीत नळी घालतात. ते घरी कुणाला करता येत नाही.

आजच एक चिठ्ठी लिहा

तहान लागल्यावर विहीर खणायला घेऊ नये. सूज आली म्हणजे बोलता येईलच असे नाही. म्हणून ज्याला ही सूज येते, त्याने एक चिठ्ठी लिहून खिशात किंवा कनवटीला ठेवावी. बायकांनी बटव्यात ठेवावी. तीत मोठ्या अक्षरात एवढे असावे :

माझे नाव.
मला अँजिओएडीमा होतो.
तो ॲलर्जीचा आहे, की आनुवंशिक.
मला हे औषध चालत नाही.
सूज आली तर हे औषध द्यावे.
माझ्या घरच्यांचा फोन नंबर.

तिसरी, चौथी आणि पाचवी ओळ डॉक्टरांना विचारून भरा. जमले तर त्यांच्याकडून इंग्रजीतही लिहून घ्या. ही सहा ओळींची चिठ्ठी तुम्ही स्वतःच्या हाताने लिहू शकता. शेजारी कुणाला लिहिता येत नसेल आणि त्याला ही सूज येत असेल, तर त्याचीही चिठ्ठी तुम्हीच लिहून द्या.

ध्यानात ठेवा

१. अचानक येणारी आणि पूर्ण उतरणारी सूज अँजिओएडीमाची असू शकते.
२. खाज आणि गांधी असल्या तर बहुधा ॲलर्जीची जात. खाज नसली तर दुसऱ्या जातीचा संशय घ्या.
३. ओठ-जीभ सुजली आणि 'प्रिल'ची गोळी चालू असली, तर पुढची गोळी न घेता दवाखान्यात जा.
४. घरात दोघा-तिघांना अशी सूज येत असेल, तर सगळ्यांचे रक्त तपासून घ्या.
५. आवाज बदलला, गिळता येईना, दम लागला, की लगेच १०८.